इंचाइंचाने घुसखोरी

संरक्षणतज्ज्ञ नाटेकरांच्या नव्या पुस्तकावर त्यांची मुलाखत घ्यायला वैजयंतीताईंनी मुद्दाम गावणकर सरांना बोलावलं होतं. दोघंही डिलाईल रोडच्या एकाच चाळीतले, एकाच मजल्यावरचे. त्यामुळे वाचनालयाच्या चिटणीस म्हणून ताईंना धास्ती एकच होती, की मुलाखत फार गोडगोड होईल.

पण सरांनी पहिल्याच प्रश्नाला बाह्या सरसावल्या. "शेजारी राष्ट्र रोज इंच इंच आत सरकत असेल, तर काय करावं?"

"आधी पुरावा द्यावा!" नाटेकर कडाडले.

"रोज ठेच लागते, हाच पुरावा!"

"ती जागा त्यांच्या आजोबांपासून त्यांचीच आहे."

ताई चमकल्या. पुस्तकात तर नाटेकरांनी शत्रूला तसूभरही जागा देऊ नये असं ठणकावलं होतं, आणि इथे ते चक्क शत्रूचीच वकिली करत होते.

"मग चर्चा का नाही करत?" सरांनी विचारलं.

"बोलावलं होतं की चर्चेला! चहा निवून गेला, पण समोरून कुणी फिरकलं नाही."

"दारातून ओरडून बोलावल्यावर कोण येईल?"

सभागृहात कडाडून टाळ्या पडल्या. ही नेमकी कुठली शिखर परिषद, हे ताई आठवू लागल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून नाटेकरवहिनी उठून उभ्या राहिल्या.

"गावणकर भाऊजी, गॅलरीतला आमचा चपलांचा स्टँड मी उद्या सकाळी मागे घेते. आता तेवढं चीनकडे वळा!"