सातवं पत्र

बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयाचे जुने कागद मी लावून ठेवतो. एक वयस्क ताई त्यांच्या वडिलांची सात पत्रं घेऊन आल्या.

"अक्षर नर्सबाईंचं हं. बाबांना सहीसुद्धा येत नव्हती. ते सांगायचे, त्या लिहायच्या."

तारखा जुळवायला मी वॉर्डाचं रजिस्टर उघडलं. दुसऱ्या पत्रानंतर चौथ्या दिवशी वडील वारले होते. शेजारी त्याच अक्षरात शेरा होता: 'पत्नी गरोदर. बाळंतपणानंतर कळवावे.'

"हे सातवं बघा. मी जन्मले त्या आठवड्यातलं. यात बाबांनी माझं नाव ठेवलंय. मला बघायला काही ते आले नाहीत, पण नाव त्यांनी दिलेलं. त्यांचं तेवढंच आहे माझ्याकडे."

मी रजिस्टरवर हात ठेवला.

"काय हो, गप्प का? पान वाळवीनं खाल्लं की काय?"

"हो ताई. नेमकं तेच."

नोंदवहीत 'मजकूर कोणाचा' असा रकाना असतो. आम्ही तो पेन्सिलीनं भरतो, चुकलं तर खोडता यावं म्हणून. सातही पत्रांपुढे मी त्यांच्या वडिलांचं नाव शाईनं लिहिलं.