भारीतलं ऑइल

सूरजने ट्रेमधलं ऑइल दोन बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं आणि मान हलवली.

“काका, कुठलं ऑइल टाकलंत?”

“आपलं नेहमीचंच,” महिपतकाका म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या रसिकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“नेहमीचं तर मीच टाकतो. मला उल्लू बनवू नका.”

काशीमीऱ्याचं ते गॅरेज बाहेरच्या ट्रकांमुळे बारीक थरथरत होतं. रसिका बाबांची औषधं आणायला निघाली होती. सोसायटीच्या गेटपाशी महिपतकाका भेटले. ‘बस बाइकवर, सोडतो,’ म्हणाले. पुलाच्या चढाला लागल्याबरोबर इंजिन ओरडू लागलं आणि गाडी मात्र पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकू लागली. मागच्या रिक्षावाल्याने दोन शिव्या हासडल्या. शेवटी दोघं उतरली आणि गाडी कडेकडेने ढकलत इथे आणली.

“ते मी आणलं होतं,” रसिका म्हणाली. “गेल्या रविवारी.”

“तू गप बस गं,” महिपतकाका म्हणाले. “ऑइलला काय झालंय? इंजिन कधी नव्हे एवढं शांत चालतंय.”

रसिकाच्या मोबाइलमध्ये कॅनचा फोटो होता. तो तिने सूरजपुढे धरला. ती एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. काकांसाठी ऑइल घ्यायचं ठरल्यावर दोन संध्याकाळी बसून तिने पाच ऑइलांची माहितीपत्रकं वाचली होती, वहीत तक्ता केला होता. थंड असताना किती पातळ, तापल्यावर किती टिकतं, घर्षण किती कमी करतं. शेवटच्या रकान्यात हे सगळ्यांच्या पुढे होतं.

सूरज हसला. “मॅडम, हे कारचं आहे. एकदम भारीतलं. पण कारचं.”

“इंजिनाला फरक पडतो?”

“इंजिनाला नाय. क्लचला.” त्याने उघडलेल्या कव्हरमधून एक चकती काढून तिच्या हातात दिली. “कारचा क्लच वेगळा असतो, कोरडा. बाइकचा ह्याच ऑइलमध्ये बुडलेला. ह्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा चाक फिरतं. तुम्ही त्यांना एवढं गुळगुळीत केलंत, की त्या धरणार कशा?”

प्लेट तिच्या बोटांतून निसटली. तिने ती उचलली, पुसली. साधी गोष्ट होती. घर्षण किती कमी, एवढंच तिने तक्त्यात पाहिलं होतं. ते कुठे हवं असतं, असा रकानाच नव्हता.

“वजन असलं की क्लच जास्त सुटतो?”

“मग! एकटा माणूस सपाटीला चालवेल, त्याला कळणार पण नाय. डबलसीट, वर चढ, तिथे हात टेकणार.”

एप्रिलमध्ये ह्याच चढाखाली ट्रकांच्या रांगेत बाबांना नेणारी अ‍ॅम्ब्युलन्स अडकली होती. मागोमाग आलेल्या महिपतकाकांनी बाबांना उतरवून गाडीवर आपल्या मागे बसवलं. बाबांच्या मागे रसिका बसली आणि तिने ओढणीने बाबांना काकांच्या पाठीशी बांधलं. तिघं ह्याच गाडीवर पूल चढून हॉस्पिटलात पोचली. आणखी वीस मिनिटं गेली असती तर, असं डॉक्टर म्हणाले होते आणि वाक्य पुरं केलं नव्हतं.

“काका,” ती म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी हे ऑइल असतं, तर...”

“त्या दिवशी नव्हतं ना.”

सूरज एकेक प्लेट उजेडात धरून पाहत होता. रसिका त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

“वाचल्या,” तो म्हणाला. “जळल्या नायत. आठवडाच झाला म्हणून. अजून महिनाभर रेटली असतीत तर भंगारात. काका, दुसऱ्या दिवशीच कळलं असणार तुम्हाला. मग का नाय आलात?”

महिपतकाकांनी गाल खाजवला.

“हिचे बाबा स्वतः कॅन घेऊन आले होते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी त्यांना एकच जिना चढायला सांगितलाय, तरी चौथ्या मजल्यापर्यंत आले, प्रत्येक मजल्यावर बसत. ते ऑइल मी दुसऱ्या दिवशी ओतून देऊ?”

सूरजने ट्रेकडे पाहिलं. “आता तर ओतलं.”

“फेकू नको. बाटलीत भर. गेटच्या बिजागऱ्या कुरकुरतात.”

सूरजने फळीवरून एक साधा कॅन काढला. रसिकाने तो मागून घेतला, उलटा केला, पाठीवरची बारीक अक्षरं वाचली.

“हे ‘एमए’ म्हणजे धरणारं?”

“हां. एवढंच बघायचं असतं, मॅडम.”

तिने ते मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. प्लेटा पेट्रोलने धुऊन नव्या ऑइलात भिजवून झाल्या, कव्हर बसलं, ऑइल भरलं. सूरजने हात पुसले.

“एक राउंड मारून या, चढावर. लोड टाकून बघा. मॅडम, बसा मागे.”

चढ लागला. इंजिनाचा आवाज वाढला, तसा गाडीचा वेगही वाढला. शेजारून एक ट्रक धापा टाकत चालला होता. तो मागे पडला.

माथ्यावर महिपतकाकांनी आरशात पाहिलं.

“एवढी मागे का बसलीस गं? पडशील.”

रसिकाने खाली पाहिलं. तिच्या आणि काकांच्या पाठीच्या मध्ये एका माणसापुरती जागा होती.

“सरक पुढे,” काका म्हणाले. “बाबा घरी आहेत.”