शंभर एकरांतली पंधरा

"मग शंभरातली किती, ते सांग ना," मामांनी पुन्हा विचारलं.

माती तपासणारा भाचा ताटावरून नजर उचलेना. एरवी हा त्याचा हातखंडा विषय. जगातली सगळी जमीन शंभर एकर धरली, तर पीक घेण्याजोगी फार तर पंधरा. बाकी बर्फ, डोंगर, खडक, वाळू नाहीतर खारवट. हे त्याने सभांमधून टाळ्या घेत सांगितलं होतं. आज तो कसाबसा "पंधरा" एवढंच म्हणाला.

"म्हणजे माझी उरलेल्या पंच्याऐंशींतली," मामा हसले. "आणि मी जन्मभर पंधरातली समजून मिरवत होतो!"

भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या सकाळी मामा गावात होणाऱ्या गोदामांसाठी शेत देऊन टाकायच्या कागदांवर सही करणार होते. पिकाऊ जमीन अशा कामाला घ्यायची नाही, असा नियम होता. नापीक असेल तर खुशाल घ्या. मामांचं शेत नापीक ठरलं होतं, आणि तसा दाखला भाच्यानेच दिला होता.

"लोकांच्या तोंडाला काय, हात लावता येतो थोडाच?" मामा म्हणाले. "म्हणे कुंपणानेच शेत खाल्लं. मी सरळ सांगितलं, माझा भाचा आहे तो. त्याने खारवट म्हटलं म्हणजे खारवट. माझेच डोळे फुटले होते."

भाचा ताटातला भात नुसता चिवडत राहिला. नमुन्याची माती कुठली घ्यायची, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. शेताच्या आतली, चार-पाच जागची, एकत्र मिसळून. तशी त्याने घेतलीही होती, चांगली भरगच्च पिशवी. मग साहेबांचा फोन आला. या एका शेतापायी अख्खा पट्टा अडलाय, म्हणाले. बढतीचंही बोलले, अगदी सहज आठवल्यासारखं. मामा तेव्हा त्याच्यासाठी प्यायचं पाणी आणायला घरात गेले होते. तेवढ्यात भाच्याने शेताच्या खालच्या टोकाची माती दुसऱ्या पिशवीत भरली. तिथे पाणी तुंबून मीठ वर येतं, पांढरं दिसतं. तीच पिशवी प्रयोगशाळेत गेली. पहिली त्याला टाकवेना. घरी आणून जिन्याखाली ढकलली, आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

"दादा, नुसतं बोलत काय बसलास? टोमॅटो घे की," आई म्हणाली. "घरचे आहेत. गॅलरीत जाऊन बघ, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेत."

मामा हात धुऊन गॅलरीत गेले. काठीचा आधार देऊनही झाड फळांनी वाकलं होतं. मामांनी मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली.

"काय माती आहे गं! कुठून आणलीस?"

"मी कुठली आणतेय? जिन्याखाली याची एक पिशवी पडली होती. असेल ऑफिसातली. वाया कशाला घालवायची?"

भाच्याच्या हातातला पेला हातातच राहिला. आता मामांना सगळं कळणार, असं त्याला वाटलं. कळलं असतं तर सुटला असता तो. पण मामा मूठ तशीच धरून दारात येऊन उभे राहिले, काहीतरी उसनं मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखे.

"रागावू नकोस, पण यातली थोडी नेऊ का रे? शेत तर गेलंच. निदान दारातल्या कुंडीत तरी खरी माती असावी, म्हणून म्हटलं."

भाचा ताटावरून उठला. मामांच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना, म्हणून त्याने मुठीकडे बघितलं.

"मामा, उद्या सही करू नका. ही तुमच्याच शेतातली माती आहे."