पाचवंच वर्ष

धम्मदीप रॅलीत गाडी चालवायचा आणि त्याची बायको संध्या शेजारी बसून, दोघांनी आधी रस्ता पाहून केलेल्या टिपणांवरून, पुढचं वळण किती अवघड आहे ते त्याला आधीच सांगायची. त्या हंगामात डोंगरातल्या शेवटच्या टप्प्यापर्यंत दोघं सगळ्यांच्या पुढे होते. तेवढ्यात संध्याला खाली दरी दिसली, अमरावतीला आजीजवळ ठेवलेली लेक आठवली आणि साध्या वळणाला तिच्या तोंडून 'अवघड' निघून गेलं. धम्मदीपनं ब्रेक दाबला. राष्ट्रीय विजेतेपद थोडक्यात हुकलं.

घरी आल्यावर संध्याच्या सासऱ्यांनी जेवताना विचारलंच, "कावून रे, अजून कप नाही आणला?"

"बाबा, जे जगज्जेते झाले ना, त्यांच्यातल्या कितीकांले दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं लागली. माह्यं तर पाचवंच चालू आहे."

कोणीही विचारलं की तो हसत हेच सांगायचा. संध्या मात्र ते ऐकलं की उठून आत निघून जायची. त्याची वर्षं आपण वाढवली, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगावं? असंच वर्ष गेलं.

नव्या हंगामाच्या पहिल्या सकाळी ती गाडीत बसली, तेव्हा हेल्मेटचा पट्टा तिच्या हातून दोनदा सुटला. धम्मदीपनं तो नीट लावून दिला, गाडी चालू केली आणि समोर रस्त्याकडे पाहत म्हणाला,


"भेव वाटलं तं साध्या वळणालेही अवघडच म्हणजो. मले ठाऊक असलं तरी मागल्या खेपेसारखाच ब्रेक दाबीन."