राणीचे हात

कडूबाईची बोटं पार वाकडी झाली होती. सकाळी उठलं की तिची मूठच वळायची नाही. तिच्या आईचं असंच झालं होतं, आजीचंही असंच. तिघींचाही जन्म ऊसतोडीत गेलेला, मग दोष कुणाचा हे वेगळं विचारायचं कशाला?

"कोयता खातो बायांचं हात," कडूबाई म्हणायची.

म्हणून लेकीवर तिनं कोयत्याची सावलीसुद्धा पडू दिली नाही. सृष्टीला शिकायला थेट केडगावात, मावशीकडं ठेवलं. टोळीतल्या बाया टोमणे मारायच्या, "लेकीला काय रानी करतीस व्हय गं?"

"व्हय तर. हात तरी रानीचं ऱ्हातील."

यंदा हंगाम संपला तशी कडूबाई फडावरून निघाली ती आधी केडगावातच उतरली. बारावीला गेलेल्या लेकीचे मऊमऊ हात ती संध्याकाळभर कुरवाळत बसली. एक ओरखडा नाही की घट्टा नाही. जिंकलीच होती म्हणा ना ती!

सकाळी सृष्टी कंगवा घेऊन तिच्या पुढ्यात येऊन बसली.



"आई, आज वेणी तू घाल ना. रोज मावशीच घालते. सकाळी माझी मूठच वळत नाही गं."