लेखिका अज्ञात

“आजी, वही बाहेर नेता येणार नाही,” ग्रंथालयातली मुलगी म्हणाली.

“अगं, माझीच आहे ती!”

गीतकार गुर्जरांचं छोटंसं प्रकाशन होतं. ते गेल्यावर त्यांची कागदपत्रं इथं आली, त्यांत माझी कवितांची निळी वही. यादीत मात्र ‘लेखिका अज्ञात’. सासरी कळेल या भीतीनं मी नावपत्ता न घालताच ती त्यांच्या दाराखालून आत सरकवली होती. मग पाच वर्षं त्यांच्या दिवाळी अंकाची अनुक्रमणिका चाळली. कविता आली नाही. मी लिहिणं सोडलं.

“काही पुरावा?”

मी पहिली कविता तोंडपाठ म्हटली. ओळींवरून फिरणारं तिचं बोट शेवटी थांबलं.

“एक शब्द चुकला नाही हो! पण नियम...” तिनं शेवटचं पान उघडलं. “हे पाहिलंत?”

गुर्जरांचं अक्षर. तीन वेळा, तीन वेगळ्या पेनांनी.

‘सुरेख. पण विचारल्याशिवाय कशा छापू?’

‘अजून आली नाही.’

‘प्रकाशन बंद केलं. वही जपावी. ती येईल.’

मी वही छातीशी घट्ट धरली.

भाजी आणायला मी रोज त्यांच्याच दारावरून जात होते.