आधी घरचं

कारंजा घाडगेच्या पंपावर सकाळपासून ट्रकांची रांग हलली नव्हती. डिझेल संपलंय, टँकर येतोय, एवढंच पंपवाला सांगत होता. आदेशच्या बागेतली संत्री भरलेला ट्रक त्याच रांगेत उन्हात तापत होता. आदेश घडीघडी ताडपत्रीखाली हात घालून फळं दाबून पाही आणि परत येऊन ड्रायव्हरवर, लखनवर, खेकसे.

"आपल्याच देशात डिझेल बनवतेत आन् बाहेरदेशाले इकतेत! इथं आपल्या टाक्या खाली!"

"तिकडं भाव भेटत असंल, भाऊ," लखन म्हणाला.

"भाव भेटते म्हनून घरच्याइले कोरडं ठेवाचं का? आधी घरचं भागवा, मंग उरलंसुरलं पाठवा म्हना!"

मागच्या ट्रकवाल्यांनी माना डोलावल्या. एकाने तर टाळीच दिली.

आदेशचे वडील बापूजी डोळे दाखवायला नागपूरला निघाले होते, म्हणून ट्रकच्या कॅबिनमध्ये बसले होते. बाटलीतलं पाणी कधीच संपलं होतं. शेवटी ते खाली उतरले, ताडपत्रीचं टोक उचललं आणि वरचंच एक टपोरं संत्रं हातात घेतलं.

आदेश धावत आला आणि त्याने ते काढून घेतलं.

"बाबा, त्याले हात नोका लावू! तो माल बांगलादेशात चालला, तिकडं भाव आहे त्याले. आपल्यासाठी झाडाखाली गळलेले आनले ना थैलीत!"